बायपोलरचं निदान झालं की गोळ्या लगेच सुरू कराव्यात का?

रानजाई:
वय ३४, नाशिक. तीन आठवड्यांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी बायपोलर डिसऑर्डर (मन कधी अति चढतं, कधी अति खचतं असा आजार) सांगून लिथियम ही मन स्थिर ठेवणारी गोळी सुरू केली. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, एकही गोळी चुकवायची नाही. मोठा भाऊ म्हणतो, आधी सहा महिने योगासनं, ध्यान कर, गोळ्या शेवटी. मी नवऱ्याच्या बाजूची आहे. का ते लिहिते, कारण भावासारखा विचार करणारे इथेही असतील.

दिवाळीआधी मी सलग पाच रात्री जेमतेम दोन-दोन तास झोपले. दमणूक नाही, डोळ्यांवर झापड नाही. आकाशकंदिलांचा धंदा करायचा म्हणून बांगड्या मोडून गाळ्याचा अ‍ॅडव्हान्स भरला आणि पहाटे साडेतीनला जिलेटीन कागद कापत बसले. तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, इतकं छान आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आणि ते खरं होतं. मला भीती त्याचीच वाटते. ताप आला तर कळतो, हे आतून कळतच नाही. मग ध्यानाने भागतंय की नाही, हे ठरवायचं कुणी? त्याच डोक्याने?

त्रास आहे. हात थरथरतो, चहाचा कप बशीत वाजतो, सासूबाई बघतात आणि नजर वळवतात. तरी घेतेय.

घाटावरचा:
ताई, विरोधात लिहितोय, राग मानू नका. माझ्या बायकोचं निदान वीस मिनिटांत झालं. थायरॉईडची तपासणीही नाही. व्हॅल्प्रोएट ही याच आजारावरची दुसरी गोळी सुरू झाली. आठ महिन्यांत अकरा किलो वजन वाढलं, केस गळाले. रोज पेटी वाजवायची, ती बंद झाली. म्हणायची, सूर ऐकू येतात पण आत शिरत नाहीत. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर थायरॉईड वाढलेलं; झोप उडणं, धडधड, अखंड बडबड सगळं त्यातून होतं. आम्हाला मूल हवं होतं. या गोळीने गर्भात व्यंग येऊ शकतं हेही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

‘एकही चुकवायची नाही’ असं तिला रोज बजावणारा मीच होतो. ते अजून सलतं. म्हणून म्हणतो, आधी तपासण्या, दुसरं मत, मग गोळी.

टेकडी:
तुमच्याकडे झालं ते वाईटच झालं. पण त्यावरून गोळी लांबवावी असं निघत नाही. दुसरं मत जरूर घ्यावं, गोळी चालू ठेवून. मी अकरा वर्षं लिथियमवर आहे. बरं वाटतंय म्हणून एकदा मनानेच एकदम सोडलं. पाचव्या आठवड्यात मला घरच्यांनी भुसावळ स्टेशनवरून आणलं, पायात चपला नव्हत्या. एकदम तोडलं की आजार उसळून येण्याचा धोका वाढतो. कमी करायचं तर डॉक्टरांच्या हाताखाली, हळूहळू.

रानजाई, लिथियम आजारावर चालतं हे ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ साली मांडलं, इतकं ते जुनं आहे. पण ते मापात लागतं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) ठेवतात. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी असेल तर ती नंतर. किडनी आणि थायरॉईडही अधूनमधून बघतात. अंगातलं पाणी, मीठ कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि पातळी चढते. म्हणून जुलाब, मे महिन्याचं ऊन, निर्जळी उपवास यांना जपा. अंगदुखीवर इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नका. उलट्या, जड जीभ, तोल जाणं असं काही झालं तर थेट दवाखाना गाठा.

घाटावरचा:
तुम्ही चार ओळींत लिहिलंत तेवढंही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. एवढं समजावून देणारे डॉक्टर असतील तर लगेच सुरू करायला माझी हरकत नाही. नसतील तर आहे.

सुमनमावशी:
माझ्या मुलाला आधी नुसतं डिप्रेशन म्हणून गोळ्या दिल्या, त्यावर तो उलट भरकटला, मग बायपोलर कळलं. बाळ, भावाशी भांडू नकोस, पुढच्या भेटीला त्याला सोबत ने. तुझ्या त्या पाच रात्रींचं त्याने डॉक्टरांसमोर बसून ऐकू दे. अडीअडचणीला १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात.

रानजाई:
दादा, माझं थायरॉईड आणि किडनी गोळीच्या आधी तपासले होते, तेवढं बरं. पण उपवासाचं ठाऊक नव्हतं. मी दर एकादशी निर्जळी धरते. परवाही धरली होती. काल कप जास्त वाजत होता तो अशक्तपणा समजले. टेकडीचं वाचून लगेच डॉक्टरांना फोन केला. पाणी भरपूर प्यायला आणि रक्त मंगळवारऐवजी उद्याच द्यायला सांगितलंय. आजच्या गोळीचंही त्यांनाच विचारून घेतलं. भाऊ सकाळी गाडी घेऊन येतोय.