मदत हवी आहे: पाण्याचा बंधकोन (दोन बंधांमधला कोन) १०४.५°, मग हायड्रोजन सल्फाइडचा ९२° का?

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीला रासायनिक बंध शिकवायला बसलो आणि स्वतःच अडकलो.

मिथेनपर्यंत गाडी सुरळीत होती. मातीच्या गोळ्यात चार काड्या एकमेकींपासून शक्य तितक्या लांब खोचल्या, १०९.५° कुठून येतो ते तिला हातानेच कळलं. अमोनियासाठी एक काडी काढून तिथे फुगा लावला. एकाकी जोडी (बंधात न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन) जास्त जागा अडवते, बाकीच्या तिघींना दाबते, म्हणून १०७°. पाण्यात दोन फुगे, १०४.५°. ती खूश, मीही.

मग बाईसाहेबांनी विचारलं, "ऑक्सिजनच्या जागी गंधक ठेवलं तर?" गंधकाच्या बाह्यतम कक्षेतही सहाच इलेक्ट्रॉन, दोन बंध, दोन एकाकी जोड्या. मी ठोकून दिलं, तेवढाच कोन. पुस्तक उघडलं तर सुमारे ९२°! फॉस्फिनचीही (अमोनियातल्या नायट्रोजनच्या जागी फॉस्फरस) तीच गत, ९३.५°.

माझा अंदाज असा: गंधकाची विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याची ताकद) २.५८, ऑक्सिजनची ३.४४. गंधक बंधातले इलेक्ट्रॉन तितके जवळ ओढत नाही, शिवाय बंधही लांब, त्यामुळे दोन बंधांची आपापसातली ढकलाढकल कमी. पण एके ठिकाणी वाचलं की इथे संकरण (अणूचे एस आणि पी कक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागा, मिसळून एकसारखे होणं) जवळपास होतच नाही, बंध पी कक्षकांतूनच बनतात आणि हे कक्षक एकमेकांशी ९०° चा कोन करतात.

यातलं कुठलं स्पष्टीकरण धरावं? की दोन्ही एकच? आणि कालच शिकवलेलं एसपी३ (एक एस आणि तीन पी कक्षकांचं संकरण) आता खोडायचं कसं? शिकवणाऱ्यांनी जरा सांगा, ती उद्या परत विचारणार आहे.