डॉपलर नॉर्मल आला तरी पीळ असू शकतो
गरोदर असलेल्या ताईंच्या अंडाशयातल्या गाठीबद्दलच्या प्रश्नावर वर दोन मुद्दे आलेत: डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्तप्रवाह दिसला म्हणजे गाठीला पीळ पडलेला नाही (गाठीसकट अंडाशय स्वतःभोवती पिळलं गेलेलं नाही), आणि काहीही असलं तरी ऑपरेशन बाळंतपणानंतरच करावं. दोन्ही मला धोकादायक वाटतात.

अंडाशयाला दोन बाजूंनी रक्त मिळतं, आणि पिळाने आधी शिरा दबतात, धमन्या मागाहून. त्यामुळे पीळ असूनही डॉपलर नॉर्मल येऊ शकतो. एका बाजूला अचानक उठलेली, कधी थांबून पुन्हा येणारी तीव्र कळ, मळमळ-उलट्या आणि आधीच्या सोनोग्राफीत दिसलेली मोठी गाठ, एवढ्यावर शंका घ्यायलाच हवी. पहिल्या तिमाहीत 'या दिवसांत उलट्या व्हायच्याच' म्हणून दुर्लक्ष होतं आणि मोलाचा वेळ जातो.

त्रास न देणारी साधी पाण्याची गाठ थांबून बघता येते. बऱ्याचशा आपोआप विरतात. पीळ पडलेल्या गाठीला मात्र थांबणं नाही. गरोदरपणातही लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीतून ऑपरेशन) करता येते. अंडाशय काळंनिळं दिसलं तरी पीळ सोडवल्यावर ते बहुतेकदा वाचतं, म्हणून नुसता रंग बघून काढून टाकू नये. साधारण १० आठवड्यांच्या आत कॉर्पस ल्युटियम (अंडाशयातला, सुरुवातीला गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन बनवणारा भाग) काढावं लागलं, तर वार (प्लासेंटा) ते काम हाती घेईपर्यंत बाहेरून प्रोजेस्टेरॉन द्यावं लागतं. हे डॉक्टरांना जरूर विचारा.

ताई, रात्री कळ आली तर सकाळची वाट बघू नका. जुने सोनोग्राफी रिपोर्ट घेऊन, ऑपरेशनची सोय असलेल्या रुग्णालयातच थेट जा.