विषय: लॅपटॉपची रॅम ५६०० की ४८००? आज रात्रीच सांगायचंय

फोंड्याहून:
भावोजी चतुर्थीला दुबईहून येतायत, रॅम आणतो म्हणाले पण ऑर्डर आजच टाकायची. लॅपटॉपचा प्रोसेसर आय७-१२७००एच, वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, आत रॅमची १६ जीबीची एकच स्टिक (पट्टी), डीडीआर५ प्रकारची, स्पीड ४८००. चिरंजीवाला ५६०० च्या दोन हव्यात, गेम अडकतो म्हणतो. पैसे वाया नाही ना जाणार?

म्हापशाहून:
ताई, ५६०० नकोच. १२७००एचची मर्यादाच ४८००, महागातली घातली तरी ४८०० वरच चालणार. खरी गोम एकाच स्टिकची आहे, एकीवर सेकंदाला ३८.४ जीबी जातात, जोडीला दुसरी आली की ७६.८. तसलीच १६ ची एक मागवा.

मडगावहून:
एक सुटी मागवू नका, जोडीच घ्या. आपल्या हॉलच्या लॅपटॉपला वेगळ्या कंपनीची सुटी स्टिक घातली ती चालली नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हापशाहून:
काका, हॉलचा लॅपटॉप मीच उघडला होता, तिथे स्लॉटच खराब होता, कंपनी वेगळी म्हणून नव्हे. वेगळ्या कंपनीची सहसा चालते, फक्त दोन्ही स्टिक कमी स्पीडवाल्या स्टिकच्या स्पीडवर येतात. आणि उत्तर द्यायला (सीएलचा आकडा त्याचाच) ४८०० सीएल४० रॅमला १६.७ नॅनोसेकंद लागतात, ५६०० सीएल४६ ला १६.४, एवढ्यासाठी कशाला जास्त पैसे घालायचे?

शारजाहून:
सगळीकडे हाच हिशोब लावू नका हं. माझ्या पुतण्याच्या लॅपटॉपला कार्ड नाही, रायझन ७८४०एचएस प्रोसेसर आहे, त्यातलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, तिथे ५६०० चे पैसे वसूल होतात. ताईंच्या कार्डाला स्वतःची मेमरी आहे. पण स्लॉट दोन आहेत ना ते आधी बघा, काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते.

पणजीहून:
उघडताच आहात तर पंखाही बघा. आमच्याकडचा जुलैत उघडला तेव्हा जाळीवर ओलसर धुळीचा नुसता गालिचा, हवा जायला वाटच नाही, गेम तापून अडकत होता आणि आम्ही रॅमला दोष देत बसलेलो. बॅटरीची पिन आधी काढा, स्टिक तिरकी घालून मग खाली दाबा, सोनेरी भागाला बोट लावू नका.

मडगावहून:
स्लॉट खराब होता हे त्या वेळी मीटिंगमध्ये कुणी सांगितलं नाही. माझं मत जोडीचंच.

फोंड्याहून:
उघडला, दुसरा स्लॉट रिकामा आहे. काका, पहिली स्टिक चांगली चालतेय, ती काढून ठेवायचं जिवावर येतं, म्हणून एकच सांगितली, १६ ची ४८००. एसओडीआयएमएम (लॅपटॉपची आखूड पट्टी) असं मुद्दाम लिहून पाठवलंय, नाहीतर दुकानदार डेस्कटॉपची लांब पट्टी द्यायचा. पंख्यात धूळ आहेच, ब्लोअर कुणाकडे आहे? रविवारपर्यंत हवा.