आत्याचं चिपळूणचं खातं बंद करायचंय, बँक म्हणते सही जुळत नाही

सिंहगडरोडकर

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

माझी आत्या, वय ८१. चिपळूणला प्राथमिक शाळेत ३४ वर्षं शिकवलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात घरात पुरुषभर पाणी. ती आणि शेजारची एक बाई माळ्यावर बसून होत्या. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर आत कागदांचा लगदा. त्यातच पासबुकही गेलं. तेव्हा तिला पुण्याला आणलं ते आणलंच. पुढे घरही विकलं.

पेन्शनचं खातं वेगळं आहे, ते सुरळीत चालू आहे. अडलंय ते दुसरं. १९८७ साली तिने स्वतःच्या एकटीच्या नावावर उघडलेलं. जनगणनेचं, निवडणुकीच्या ड्यूटीचं मानधन ती त्यात टाकायची. ३८ हजार आणि वर काहीतरी आहेत. चेकबुक कधीच संपलं, एटीएम कार्ड तिने कधी घेतलंच नाही. पुरानंतर त्यात व्यवहार नाही. "माझे हिशेब मी मिटवून जाणार," असं तिने धरून ठेवलंय, आणि ती बोलली की बोलली.

म्हणून फेब्रुवारीत तिला गाडीत घालून कुंभार्ली घाटातून चिपळूणला नेलं. टोकन घेतलं, तासाभराने नंबर लागला. काउंटरवरचा मुलगा तसा बरा होता. फॉर्म दिला, आत्याने सही केली. तिला कंपवात आहे, हात थरथरतो. मुलगा स्क्रीनकडे बघतो, फॉर्मकडे बघतो, "आजी, सही जुळत नाही." दुसरी केली. तिसरी केली. सहा झाल्या. "आजी, शांतपणे करा ना, घाई नाहीये." (गावात तिला अजून सगळे बाई म्हणतात. हे आजी प्रकरण तिला आवडत नाही.)

मग त्याने मॉनिटर आमच्याकडे वळवला. १९८७ ची सही. शिरोरेषा पट्टीने ओढल्यासारखी, खाली एक फराटा, फराट्याखाली दोन टिंबं. समोर फॉर्मवर आजच्या सहा सह्या, मुंग्यांची रांग विस्कटावी तशा. आत्याने दोन्हीकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "सही तीच आहे. हात बदललाय."

त्यावर तो म्हणाला, अंगठा लावा. इथे सगळं फिसकटलं. १९७८-७९ साली प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले तेव्हा आत्या रात्री कंदील घेऊन जायची आणि बायकांना सही शिकवायची. अंगठा पुसायला शिकवला, आता स्वतः लावू? ती उठली आणि बाकावर जाऊन बसली.

मला त्याने हळूच सांगितलं, "नॉमिनी तुम्हीच आहात ना? मग कशाला त्रास घेता, पुढेमागे तुम्हालाच मिळणार." चांगल्या मनाने म्हणाला असेल. पण आत्याचा हात थरथरतो, कान शाबूत आहेत. परतीच्या वाटेवर पाटणपर्यंत एक शब्द नाही. पाटणला चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, "म्हणजे मी मेले की सही जुळेल."

तर विचारायचं असं: अंगठ्याशिवाय मार्ग आहे का? पासबुक गेल्याबद्दल पोलिसांचा दाखला आणि पाचशेच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र मागतायत, ते लागतंच का? आणि तिला पुन्हा घाटातून न्यावं लागेल का? पाच-सहा तासांचा प्रवास तिला आता झेपत नाही.

झटपट

३८ हजारांसाठी एवढा खटाटोप? सोडून द्या. व्यवहार नसला की खातं आपोआप बंद होतं.

काउंटर नं. ३

आपोआप काही बंद होत नाही हो. ३६ वर्षं काउंटरवर काढली आहेत, म्हणून सांगतो. ग्राहकाने स्वतः दोन वर्षं व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तिथूनही मिळते, पण अर्ज बँकेतूनच करावा लागतो आणि तोवर अर्ज करणारा कोण उरलेला असतो हा प्रश्न.

सिंहगडरोडकर, तुमचं खातं निष्क्रिय असणार. त्या मुलाने हे आधी सांगायला हवं होतं. निष्क्रिय खात्याला थेट बंदचा फॉर्म द्यायचा नसतो. आधी केवायसी, मग खातं चालू, मग बंद. आणि इथेच तुमची घाटाची फेरी वाचते. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे निष्क्रिय खात्याची केवायसी त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत करून मिळाली पाहिजे, होम ब्रँचच हवी असं नाही. चालू करायला फी नाही. निष्क्रिय काळात किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापता येत नाही, आणि बचत खात्याचं व्याज पडत राहिलं पाहिजे. पासबुक भरून घ्याल तेव्हा व्याजाच्या नोंदी बघा.

आता सहीचं. अंगठ्याचा नियम वाईट नाही. ज्यांना सही जमतच नाही त्यांच्यासाठी आहे. दोन साक्षीदार, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. हात नसलेल्यांचा पायाच्या अंगठ्याचा ठसाही चालतो, एकदा मी स्वतः घेतलाय. पण बाईंना सही करता येते! मग अंगठा कशाला? नमुना सही बदलण्याचा अर्ज द्या. अधिकाऱ्यासमोर आज जशी होते तशी सही, सोबत आधार, पॅन, फोटो, आणि कंपवाताचं डॉक्टरांचं पत्र. आजची सही हीच रेकॉर्डची सही.

फक्त एक गोम आहे. कंपवातात सकाळची सही दुपारी जुळत नाही. म्हणून केवायसी, नवी सही, खातं बंदचा अर्ज, सगळं एकाच बैठकीत, एकाच अधिकाऱ्यासमोर, आणि प्रत्येक सहीखाली "माझ्यासमक्ष" लिहून त्याची सही-शिक्का. औषध घेतल्यावर हात जेव्हा जरा स्थिर असतो ती वेळ साधा.

चिपळूणच्या पोराला फार बोल लावू नका. चुकीची रक्कम गेली तर चौकशी त्याचीच लागते. घाबरलेला माणूस नियम मोठा करून सांगतो. मीही सांगितलेत.

पासबुक म्हणजे चेकबुक नव्हे, त्याने पैसे निघत नाहीत. पुरात गेलं असा साधा अर्ज बहुतेक ठिकाणी पुरतो. स्टँप मागितला तर म्हणा, मागणी लेखी द्या. लेखी द्यायची वेळ आली की निम्म्या मागण्या विरघळतात. आणि अर्ज दोन प्रतींत, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचं नाही. अर्ज मराठीतच लिहा.

ठाणेकरीण

काकांचं बरोबर आहे. माझी एक भर. बंद करण्याआधी त्या खात्यात काय काय येतं ते बघा. आम्ही सासऱ्यांचं खातं मोठ्या उत्साहाने बंद केलं आणि दोन महिन्यांनी आयकराचा परतावा तिथे जाऊन परत फिरला. मग पोर्टलवर नवं खातं जोडा, ते पडताळून होऊ द्या, परतावा पुन्हा पाठवायची विनंती टाका... ओटीपी सासऱ्यांच्या फोनवर, फोन सासऱ्यांच्या उशीखाली, सासरे झोपलेले. जुने शेअर असतील तर लाभांशही अजून त्याच खात्यात जात असेल.

७० च्या वरच्यांना घरपोच सेवा द्या असं रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच सांगितलंय, तेही विचारा. आमच्या शाखेत "माणूस नाही" हे उत्तर मिळालं होतं. मग अर्जावर तेच लिहून द्या म्हटलं, तर माणूस सापडला.

सिंहगडरोडकर

धन्यवाद काका, ताई. आत्याला वाचून दाखवलं. पायाच्या अंगठ्यावर हसली, मग म्हणाली, "त्या काउंटरवाल्यांना सांग, माझे अक्षर तपासायला या."

समजा इथल्या शाखेनेही हात वर केले तर?

काउंटर नं. ३

तर आधी त्याच बँकेच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. पोर्टलवर करा, नाहीतर साध्या कागदावर लिहून चंडीगडच्या केंद्राकडे टपालाने. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. खातं बंद करायला नकार किंवा दिरंगाई हे २००६ च्या जुन्या योजनेत तक्रारीचं कारण म्हणून शब्दशः लिहिलेलं होतं. आता सेवेतली त्रुटी या एका शब्दात सगळं येतं. पण तिथवर जाणार नाही, बघा.

सिंहगडरोडकर

ज्यांनी मदत केली त्यांच्यासाठी पुढची हकीकत.

इथल्या शाखेत सकाळी साडेदहाला गेलो, औषधानंतर पाऊण तासाने. अधिकारी मॅडम होत्या. नमुना सहीचा अर्ज आणि डॉक्टरांचं पत्र बघून म्हणाल्या, "हे चिपळूणलाच का नाही केलं?" मी गप्प बसलो. पासबुकासाठी साधा अर्ज चालला. घरपोचचं विचारणार होतो, पण आत्यालाच यायचं होतं.

पाच सह्या लागल्या. मॅडमनी पाण्याचा ग्लास दिला, कागदाखाली जाड रजिस्टर सरकवलं आणि चक्क दुसरीकडे बघत बसल्या. तेवढ्याने फरक पडला. कोणी टक लावून बघत असलं की हात जास्त थरथरतो, हे मला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं. फराटा आला. टिंबं दोनाची तीन झाली, ती तशीच ठेवली.

फॉर्मवर "खाते बंद करण्याचे कारण" असा रकाना होता. मी "स्थलांतर" सांगत होतो. तिने पेन माझ्याकडे दिलंच नाही. "काम झाले" असं लिहिलं, दोन शब्दांना चार मिनिटं.

खातं तिसऱ्या दिवशी चालू झाल्याचा मेसेज आला. बंद व्हायला चिपळूणची मंजुरी लागली, त्यात नऊ दिवस गेले, मधे मी दोनदा फोन केला. काल रक्कम पेन्शनच्या खात्यात आली. व्याज धरून ४१ हजारांच्या वर. काका, व्याजाच्या नोंदी नीट होत्या.

झटपट

बरं झालं. माझ्या सासूबाईंचं जॉइंट खातं आहे, सासरे वारले, आता बँक म्हणते...

काउंटर नं. ३

नवा धागा काढा. आणि खातं "दोघांपैकी कोणीही किंवा हयात" आहे की "दोघांनी मिळून", ते पहिल्या ओळीत लिहा.