सोसायटीचं कर्ज वेळेत फेडलं, तरी सिबिल कोरं. रिवॉर्ड कार्ड कसं मिळवायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यात हिशेब बघते. पगार हातात २४,००० येतो, थेट बँकेत जमा होतो. किराणा, हेस्कॉमचं विजेचं बिल, आईची बीपीची औषधं, स्कूटरचं पेट्रोल हे सगळं माझ्याच खात्यातून जातं, महिन्याला नऊ हजारांच्या घरात. हा खर्च टळणारा नाही, मग त्यावर थोडे पॉइंट तरी मिळावेत म्हणून पगाराच्या बँकेतच रिवॉर्ड क्रेडिट कार्डासाठी ऑनलाइन अर्ज केला. नामंजूर झाला. फोनवर विचारलं तर म्हणे, क्रेडिट हिस्ट्री नाही.

सिबिलचा (कर्जफेडीच्या नोंदी ठेवून स्कोअर देणाऱ्या कंपनीचा) फुकट मिळणारा रिपोर्ट काढून बघितला. खरंच, स्कोअरच्या जागी आकडा नाही आणि कर्जखात्यांचा रकाना रिकामा.

मला त्रास झाला तो इथं. स्कूटर घेताना ५०,००० चं कर्ज मी स्वतःच्या नावावर आमच्या भागातल्या एका सौहार्द सोसायटीतून (म्हणजे सहकारी पतसंस्थेतून) काढलं होतं. शेअरची रक्कम, दोन जामीनदार, सगळं रीतसर. एकही हप्ता चुकवला नाही. पासबुक आत्ता समोर आहे: निळ्या शाईत तारीख, हप्ता, उरलेली बाकी, प्रत्येक ओळीपुढे कॅशियरची सही, शेवटी कन्नडमधला गोल शिक्का आणि मागे टाचलेला बेबाकी दाखला. बाबांचंही तसंच. दरवर्षी पीकेपीएसचं, म्हणजे गावच्या शेती सोसायटीचं, पीककर्ज उचलायचं आणि मुदतीत भरायचं. आमच्याकडे घराची पत याच वह्यांवर ठरते. बँकेच्या लेखी मात्र मी आजवर कुणाकडून रुपयाही घेतलेला नाही.

आता प्रत्येकजण वेगळं सांगतोय. शाखेतल्या मॅडम म्हणतात, एफडी करा आणि त्यावर कार्ड घ्या. ऑफिसमधला एकजण म्हणतो, मोबाईल ॲपवरून दोन-तीन हजारांची कर्जं घेऊन फेडत जा, स्कोअर आपोआप तयार होतो. एक एजंट तर ३,००० रुपये घेऊन 'सिबिल करून देतो' म्हणतोय.

मला एवढं सांगा:

सोसायटीच्या त्या कर्जाची नोंद आता सिबिलमध्ये घालता येते का? माझी ४०,००० ची ठेव त्याच सोसायटीत आहे, तिच्यावर बँक कार्ड देईल का? आमच्या गावात दुकानांत स्वाइप मशीन नाही, फक्त क्यूआर कोड. मग कार्डाचा उपयोग होईल का? आणि आधारवर मधे बाबांचं नाव आहे, पॅनवर नुसतं नाव-आडनाव. त्याचाही घोळ होत असेल का?

जाणकारांनी वेळ काढून लिहावं ही विनंती.

निपाणीकर

ताई, बँकेत नोकरी करून निवृत्त झालोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या व्यवहारात खोट नाही. सिबिलसारख्या कंपन्यांना माहिती पाठवायची सक्ती बँका, सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्यांवर आहे. सौहार्द सोसायट्या सहकार खात्याच्या कायद्याखाली चालतात, त्यांच्यावर ती सक्ती नाही. म्हणून ते कर्ज तिथं दिसत नाही, आणि तुम्ही स्वतः जाऊन घालूही शकत नाही. बेबाकी दाखला मात्र जपून ठेवा. पुढे घरकर्जाला शाखेत बसून बोलायची वेळ येईल तेव्हा तो दाखवता येतो. ऑनलाइन अर्जात त्याला जागाच नसते.

त्या एजंटला आधी वाटेला लावा. पैसे घेऊन कुणालाही इतिहास तयार करता येत नाही. त्याला पॅन, आधार, ओटीपी काही देऊ नका. ॲपची बारकी कर्जंही नकोत. प्रत्येक कर्जाची रिपोर्टात वेगळी नोंद पडते, आणि तशी रांग दिसली की कर्ज देणारा बिचकतो.

आणि लगेच दुसऱ्या-तिसऱ्या बँकेत अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक अर्जामागे बँक तुमचा रिपोर्ट मागवते, ती चौकशी नोंदली जाते. तुम्ही स्वतः रिपोर्ट बघितलात तर फरक पडत नाही. चारही कंपन्यांचा, म्हणजे सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्कचा, पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. चारही काढा. एखाद्यात चुकीची जन्मतारीख किंवा भलतंच कर्ज निघालं तर आत्ताच दुरुस्त करून घेता येईल.

ज्या बँकेनं नकार दिला तिच्याकडून कारण लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवणं कार्ड देणाऱ्यावर बंधनकारक आहे. फोनवरच्या माणसानं जे सांगितलं तेच खरं कारण असेल असं नाही.

शाखेतल्या मॅडम बरोबर सांगताहेत. फक्त एफडी बँकेतच करावी लागेल, सोसायटीची पावती चालत नाही. साधारण २०,००० ते २५,००० ची ठेव पुरते. ठेवीवर लियन लागतो, म्हणजे कार्ड चालू आहे तोवर ती मोडता येत नाही, पण व्याज मिळत राहतं. कार्डाचं लिमिट, म्हणजे खर्चाची मर्यादा, बँकेप्रमाणे ठेवीच्या ७५ ते १०० टक्के. पगाराची स्लिप किंवा स्कोअर यात बहुधा आड येत नाही. आणखी एक गोष्ट काळजीनं सांगतो: बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. सगळी जमा एकाच सोसायटीत नसावी.

आता मुख्य मुद्दा. २०,००० लिमिट असेल आणि नऊ हजार वापरले तर तो ४५ टक्के वापर झाला. स्कोअरसाठी तो तीस टक्क्यांच्या आत, म्हणजे सहा हजारांच्या आत ठेवलेला बरा. यासाठी खर्च कमी करायची गरज नाही. महिन्याच्या मध्यावर तीन-चार हजार आधीच भरून टाका, बिल निघेल तेव्हा बाकी कमी दिसेल. जानेवारी २०२५ पासून बँका निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, त्यामुळे तुमचं वागणं लवकर नोंदलं जातं. सहा महिन्यांत स्कोअर दिसू लागतो. वर्षभर पूर्ण बिल भरलंत की पगाराची बँक बहुतेक स्वतःच कार्डाचं विचारेल.

क्यूआरसाठी रुपे क्रेडिट कार्डच मागा. ते यूपीआय ॲपला जोडता येतं. मात्र दुकानदाराचा क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. त्याच्या स्वतःच्या बचत खात्याचा असेल तर क्रेडिट कार्डातून पैसे जाणार नाहीत. तुमच्या किराणा दुकानदाराला आधीच विचारून ठेवा.

पॉइंटांचा हिशेबही मांडून बघा. नऊ हजारांवर एक टक्का धरला तर महिन्याला ९० रुपये, वर्षाला १,०८०. कार्डाची फी ४९९ असेल तर जीएसटी धरून ५८९ गेले. पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत, यूपीआयवर कमी देतात. एखाद्या महिन्यात नुसता 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून बाकी ठेवलीत तर नऊ हजारांवर महिना साडेतीन टक्क्यांनी सुमारे ३१५ रुपये व्याज, म्हणजे साडेतीन महिन्यांचे पॉइंट एका फटक्यात गेले. म्हणून पहिलं कार्ड बिनफीचं घ्या, पॉइंट कमी असले तरी चालतील.

शहापूरची

नावाचं मी सांगते. माझ्या पॅनवर आणि आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं, ऑनलाइन केवायसी दरवेळी अडकायची. मधलं नाव एकीकडे असणं तेवढं जाचक नसतं, तरी दोन्हीकडे सारखं करून घे बाई. आणि पॅन-आधार जोडलेलं आहे ना ते आधी तपास.

मूळ लेखिका

काका, ताई, मनापासून आभार. सोसायटीतल्या ठेवीची मुदत पुढच्या महिन्यात संपते. त्यातले २५,००० काढून बँकेत एफडी करते, बाकीचे तिथंच ठेवते. लेखी कारणासाठी आजच ईमेल पाठवला. एकच शंका राहिली: पुढे रिवॉर्ड कार्ड मिळालं की एफडीवरचं कार्ड लगेच बंद करावं का?

निपाणीकर

लगेच नको. नवीन कार्ड हातात येऊन, चालू होऊन दोन-चार बिलं निघू द्या. पैशाची नड नसेल तर जुनं चालू ठेवलेलंच चांगलं, तुमच्या इतिहासातलं सगळ्यात जुनं खातं तेच असेल. बंद करायचंच ठरलं तर आधी बाकी शून्य करा आणि अर्ज लेखी द्या. सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणं बंधनकारक आहे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये त्यांना तुम्हाला द्यावे लागतात. लियन उठल्याचं मात्र शाखेत जाऊन बघा, तो आपोआप उठेल असं धरून चालू नका.