आठ मीटरच्या अंगणातली तार

‘वीस मीटर सरळ तार ताणायला जागा नसेल तर शॉर्टवेव्हचा, म्हणजे रेडिओवर दूरदेशीची केंद्रं ऐकण्याचा, नाद सोडा’ असं म्हणतात, ते पटलं नाही. ४१ मीटर बँडचा (शॉर्टवेव्हचा एक पट्टा) डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी असलेली सरळ तारेची अँटेना, साधारण २० मीटरचा होतो, खरंय. पण नुसतं ऐकायला एवढं माप कशाला? माझं अंगण जेमतेम आठ मीटर. तार खिडकीतून उभी गच्चीच्या कठड्यापर्यंत, तिथून आडवी कडुलिंबाला, टोकाला नायलॉनची दोरी. थोडी ढिली ठेवा. पहिली ताठ बांधली होती, वावटळीत फांदी हलली आणि तुटली.

नागपुरात खरा त्रास मीडियम वेव्हवर, ५८५ किलोहर्ट्झला लागणाऱ्या आपल्या आकाशवाणीचा. छोट्या रेडिओला तार थेट चिमट्याने जोडली की आकाशवाणी शॉर्टवेव्हवरही नको तिथे ऐकू येते. मी प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारेचे दोन-तीन वेढे रेडिओच्या अँटेनावर नुसते गुंडाळले, बरंच निवळलं. आणि कूलरच्या मोटरची खरखर रेडिओत येते, म्हणून तो बंद करून ऐका, मे महिन्यात जमलं तर.