५८व्या वर्षी ९ फुटांवरून ७ फुटांवर: हलका इपॉक्सी सर्फबोर्ड घ्यावा का?

दर्यावर्दी_बोरिवली
मंडळी, सल्ला हवाय. वय ५८, वजन ७६ किलो, उंची ५ फूट ८ इंच. सध्या ९ फुटी जुना पीयू (पॉलियुरेथेन फोमचा) सर्फबोर्ड आहे, वर पॉलिएस्टर रेझिन, चांगला जाडजूड. जमेल तेव्हा रविवारी नालासोपाऱ्याजवळचा राजोडीचा किनारा आणि अधूनमधून मत्स्यगंधा एक्सप्रेसने कर्नाटकातल्या मुळकीची वारी. लाट पकडता येते, सरळ जाता येतं, उजवीकडे वळताही येतं. डावीकडे देवाची मर्जी.

पाण्यात बोर्डाबद्दल तक्रार नाही, तक्रार आहे ती पाण्यापर्यंत नेण्याची. लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याने उतरवताना प्रत्येक वळणावर कोणाच्या ना कोणाच्या दाराचं तोरण ओढलं जातं. परतताना वाळूतून गाडीपर्यंत आणेस्तोवर उजवा खांदा बोलायला लागतो. म्हणून ७ फुटांच्या आसपासचा, ईपीएस फोम आणि इपॉक्सी रेझिनचा हलका बोर्ड घ्यावा असं मनात आहे. एका विक्रेत्याने ६ फूट ४ इंचाचा, ३२ लिटर घनफळाचा, कार्बनच्या काळ्या पट्ट्यांवाला दाखवला. "काका, एकदम फास्ट आहे." मला घाई कसली आहे ते मात्र त्याने सांगितलं नाही.

ह्या वयात असा बदल कोणी केलाय का?

पाणकोंबडा
७६ किलोला ३२ लिटर? विक्रेत्याला नमस्कार सांगा आणि पुढचं दुकान गाठा.

मतलई
पाणकोंबड्याशी सहमत. काका, फूट नंतर बघा, आधी लिटर बघा. रोज पाण्यात असणारी विशी-पंचविशीतली पोरं वजनाच्या ०.४ पटीच्या आत खेळतात, म्हणजे तुमच्या वजनाला ३० लिटरच्या आसपास. तो बोर्ड त्यांच्यासाठी बनलाय. रविवारी जाणाऱ्या पन्नाशीपुढच्या माणसाने ०.६ ते ०.६५ धरावं. तुमच्यासाठी ४६ ते ५० लिटर. ७ फूट २ इंच लांब, साडेएकवीस इंच रुंद, पावणेतीन इंचाहून किंचित जाड असा बोर्ड साधारण तिथे येतो. तुमचा ९ फुटी ६५च्या घरात असणार, म्हणजे ५० लिटरवर येणं हीच मोठी उडी आहे.

आता कोणी सांगत नाही ते. लिटर तेवढेच ठेवले तरी लांबी गेली की घसरण जाते. ९ फुटीला दोन हात मारले की तो आपला चालत राहतो, ७ फुटीला सतत हात मारावे लागतात. राजोडीची लाट उतारावर हळूहळू जागी होणारी, मऊ. लांब बोर्डावर ती फुटायच्या बऱ्याच आधी मिळते. आखूड बोर्डावर ती उभी राहीपर्यंत थांबावं लागतं आणि मग उठायला वेळ कमी. पहिल्या मोसमात लाटा कमी मिळतील, ह्याची तयारी ठेवा. मुळकीला लाट जास्त ताठ उभी राहते, तिथे आखूड बोर्डाची मजा आहे.

माझा सल्ला, लांबी आणि मटेरियल एकदम बदलू नका. पुढच्या मुळकी वारीत तिथल्या सर्फ स्कूलचा साडेसात फुटी भाड्याने घ्या, आपला घरी ठेवून. लांबी झेपते का ते कळेल. मग मटेरियलकडे वळा.

भोचक_भवानी
मुंबईत सर्फिंग?? जुहूला निर्माल्य चुकवत का? 😀

दर्यावर्दी_बोरिवली
@भोचक_भवानी, जुहूला नाही हो. पावसाळ्यात तिथे निळ्या फुग्यांचे ते डंखवाले ब्लूबॉटल येतात, निर्माल्य परवडलं. नालासोपाऱ्याहून रिक्षाने राजोडी. सुरूचं बन आहे, पाणी गढूळ पण बरं. या एकदा.

@मतलई, एकदम बदलू नका हे पटलं. पण हलकेपणाचा पाण्यात नक्की फरक काय पडतो? की फक्त जिन्यापुरताच?

रेझिनचे_हात
फायबरच्या होड्यांचं काम करतो, बोर्डही दुरुस्त करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

ईपीएस म्हणजे आपला थर्माकोलच, फक्त जास्त घनतेचा. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि ते थर्माकोल खातं. २०१८च्या बंदीआधी ज्यांनी गणपतीच्या थर्माकोलच्या मखरावर स्प्रे पेंट मारून पाहिलाय त्यांना हे सांगायला नको: थिनर लागला की कमानीला भोकं. म्हणून ईपीएसवर इपॉक्सीच लावतात. पूर्वी हा प्रकार तुरळक होता. अमेरिकेतला सगळ्यात मोठा पीयू फोम पुरवठादार क्लार्क फोम, ५ डिसेंबर २००५ला अचानक बंद झाला, बोर्ड बनवणाऱ्यांची पळापळ झाली आणि ईपीएस-इपॉक्सीला खरा जोर आला.

पाण्यातला फरक असा. बोर्ड ३ किलोने हलका झाला की तरंगायला जवळजवळ ३ लिटर फुकट मिळतात. ऐकायला छान. पण तो पाण्यावर उंच बसतो आणि बोर्डाच्या नाकाखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली, वारा शिरतो. सकाळी मतलई वारे असतात, पाणी गुळगुळीत, तेव्हा हलका बोर्ड झकास. दहा-अकरानंतर खारे वारे सुटले आणि बारीक खळबळ झाली की तोच बोर्ड पायाखाली खडखडतो. जड पीयू बोर्ड ती खळबळ वजनाने दाबत जातो. तुम्ही राजोडीला उशिरा पोचणाऱ्यांतले असाल तर अगदी हलक्याच्या मागे लागू नका.

कार्बनचं म्हणाल तर ते ताठपणासाठी असतं. ईपीएसमध्ये बऱ्याचदा मधली लाकडी पट्टी नसते, मग कडेने किंवा मागे कार्बन लावून वाक आवरतात. चांगल्या हातात फरक पडतो. आपल्याला पडतो तो इतकाच की काळा रंग उन्हात भयंकर तापतो, आणि इपॉक्सीला ताप नको असतो. मे महिन्यात बंद गाडीत बोर्ड ठेवलात तर आतली हवा फुगते, वरचं फायबरग्लासचं कापड फोमपासून सुटतं आणि डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूवर, फोड येतो. पाय घसरू नये म्हणून लावलेलं मेण वितळून सीटला लागतं ते वेगळंच.

नवा करून घेणार असाल तर कापडाबद्दल बोला. डेकवर ६ औंसाचे दोन थर मागा. विक्रेते हलकेपणा दाखवायला ४ औंसाचा एकेरी थर देतात आणि पहिल्याच महिन्यात टाचांचे खड्डे पडतात. वजन अर्ध्या-एक किलोने वाढेल, वाढू दे. तेवढंच खाऱ्या वाऱ्यात कामाला येईल.

सुरूचं_बन
दर्यावर्दीदादा, मी ५१. साडेआठ फुटीवरून ७ फूट ४ इंचावर आलेय, इपॉक्सीच. खांद्याबद्दल लिहिते कारण त्याबद्दल कोणी बोललं नाही. उचलताना खांदा वाचतो हे खरं, पण आखूड बोर्डावर हात जास्त मारावे लागतात, म्हणजे वाचवलेलं तिकडे खर्च. त्यात छाती उंच ठेवून पडून राहावं लागतं, मान आणि कंबर कुरकुरतात. घरी भुजंगासन आणि रबर पट्टीने खांद्याचे व्यायाम सुरू करा, बोर्ड येण्याआधीच.

दुसरं, उठणं. तुम्ही गुडघा टेकून उठता का? ९ फुटीवर ते खपतं. ७ फुटीवर गुडघा टेकला की बोर्ड डुलतो आणि नाक बुडतं. चटईवर बोर्डाची रुंदी खडूने आखून सराव करा. घरचे हसतील.

बाकी ७ फुटी लिफ्टमध्ये तिरका उभा राहतो. आमच्या सोसायटीत तरी. खरेदीआधी टेप घेऊन लिफ्ट मोजा, चेष्टा नाही करत.

पाणकोंबडा
लिफ्ट मोजून बोर्ड घेणारं हे जगातलं एकमेव शहर असेल. वाखूसा (वाचनखूण साठवली).

दर्यावर्दी_बोरिवली
सगळ्यांचे आभार. गुडघा टेकतो, होय. खडूची चटई कालपासून अंथरली आहे, नात पण सराव करते.

लिफ्ट मोजली, ७ फूट ३ इंच तिरका बसतो. योगायोगाने वर्सोव्यात एक जुना ७ फूट २ इंची इपॉक्सी मिळतोय, ४८ लिटर लिहिलंय, कार्बन नाही. आधी मुळकीला भाड्याने घेऊन बघणार होतो, पण तोवर हा जाईल. शनिवारी बघायला जातोय. काय तपासू?

रेझिनचे_हात
दिवसाउजेडी बघा, ट्यूबलाइटखाली नको. बोर्ड तिरका धरून डेकवर नजर फिरवा, फोड किंवा सुटलेलं कापड लगेच कळतं. अंगठ्याने दाबत जा. कुठे 'कच्च' आवाज आला तर तिथे कापड सुटलंय.

मग फिनच्या, म्हणजे बोर्डाखालच्या पंखांच्या, खाचा. ईपीएस पाणी पितो आणि ते बहुधा खाचेच्या कडेने किंवा लीशच्या (पायाला बांधायच्या दोरीच्या) कपातून शिरतं. तिथे केसासारखी रेघ दिसली तर बोर्ड शेपटाकडून खाली करून पंधरा मिनिटं सावलीत उभा ठेवा, तोवर विक्रेत्याशी गप्पा मारा. थेंब गळाला आणि चवीला खारट लागला तर परत फिरा. वजनकाटा बरोबर न्या. अशा बोर्डाचं वजन ४ किलोच्या आसपास हवं. ५च्या वर गेलं तर एक तर कापड जाड आहे किंवा आत समुद्र आहे, आणि मालक पहिलंच सांगेल.

जुनी दुरुस्ती दिसली तर कशाने केली ते विचारा. उन्हात सुकणारं पॉलिएस्टर रेझिन लावलं असेल तर खाली फोम विरघळून पोकळी झालेली असते, नखाने टिचकी मारा, पोकळ वाजेल.

मतलई
आणि काका, घेतलात तरी ९ फुटी विकू नका. फेब्रुवारी-मार्चात राजोडीला गुडघाभर लाट असते, तेव्हा ७ फुटी नुसता पाण्यावर बसवून ठेवतो. जिन्याचा प्रश्न असेल तर राजोडीला कोणाच्या वाडीत ठेवायची सोय होते का बघा, सावलीत आणि आडवा.

दर्यावर्दी_बोरिवली
वाडीची कल्पना भारी आहे, सौ. तर लगेच हो म्हणाली. शनिवारी वजनकाटा घेऊन निघतो, थेंब गळाला का ते इथेच कळवतो.